प्लेट मोजली का?

ब्रेक दाबला, गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ठणठणीत, असं आपण सगळेच धरून चालतो. ड्रम ब्रेकच्या जमान्यात ते बऱ्याच अंशी खरं होतं. डिस्क ब्रेकच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी प्लेटला दोन पॅडांच्या चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या, बाबतीत ते खरं नाही, आणि जिकडेतिकडे डिस्कची मोटरसायकल उभी असलेल्या आपल्या या पुण्यात ही गोष्ट कुणी कुणाला नीट सांगत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सीएनसीवरून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरून, उतरलेले पार्ट मापात आहेत का ते बघायचं आणि पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा, हे माझं काम. दिवसातला बराचसा वेळ हातात मायक्रोमीटर असतो, म्हणजे बारीक जाडी मोजायचं स्क्रूचं साधन. कामाला लागले तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी बजावलं होतं, "डोळ्यानं काही पास करायचं नाही. डोळा फक्त शंका घ्यायला." खात्यात तर मी हे पाळतेच, पण मोटरसायकलच्या डिस्कला हे वाक्य जितकं चपखल बसतं तितकं दुसऱ्या कशाला बसत असेल असं मला वाटत नाही.

ज्यांच्या घरी चेतक किंवा लूना होती त्यांना आठवत असेल. दोन्ही इथल्याच, पुण्याच्या. दोन्ही १९७२ पासूनच्या. ड्रमच्या आतून घासणारा लायनर झिजला की ब्रेक खोल जायला लागायचा. लिव्हर मुठीच्या जवळ यायला लागला की खाली वाकून नट दोन आटे आवळायचा आणि पुढे निघायचं. आवळायला आटे उरले नाहीत की लायनर बदलायचा. म्हणजे झीज होत होती ती रोज हाताला आणि पायाला कळत होती. ब्रेक स्वतःच तक्रार करत होता.

डिस्क तक्रार करत नाही. तिची रचनाच तशी आहे. लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून प्लेटवर बसवलेल्या भागात, जातं, तिथला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड प्लेटवर दाबला जातो. पिस्टनभोवती एक चौकोनी कापाचं रबरी सील असतं. दाबताना ते किंचित पिळलं जातं आणि लिव्हर सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. फक्त केसभर. पॅड आणि प्लेट झिजून जेवढी जागा मोकळी झाली असेल तेवढा पिस्टन त्या सीलमधून घसरून कायमचा पुढे येतो, आणि मागे झालेली पोकळी भरायला हँडलवरच्या डबीतलं ऑइल उतरतं. म्हणून लिव्हरचा प्रवास पहिल्या दिवशी जेवढा, जवळजवळ तेवढाच शेवटच्या दिवशी. बोटाला काहीही वेगळं लागत नाही.

याच कारणाने डबीतल्या ऑइलची पातळी हळूहळू खाली जाते. ती गेली की आपल्याकडे सर्रास काय होतं? सर्व्हिसिंगला गाडी जाते आणि पोरगा वरून ऑइल ओतून काचेवरच्या रेघेपर्यंत आणून ठेवतो. गळती नसताना पातळी उतरली असेल तर तिचा सरळ अर्थ आहे की खाली पॅड किंवा प्लेट झिजली आहे. या ब्रेकने दिलेली ती जवळजवळ एकुलती एक खूण, आणि आपण ती ओतून बुजवतो. पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की ते जास्तीचं ऑइल डबीतून वर येतं आणि टाकीच्या रंगावर सांडून रंगही घालवतं, ते वेगळंच.

आमचा भाचा सातारहून शिकायला इथे आला आहे, कर्वेनगरला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. त्याने दीडशे सीसीची एक सेकंडहँड गाडी घेतली. दिसायला देखणी, रनिंग चांगलंच झालेलं. जुलैत पोरांचं ताम्हिणीला जायचं ठरलं. निघण्याआधीच्या गुरुवारी, मला सुट्टी असते त्या दिवशी, तो जेवायला आला होता. मी म्हटलं, "गाडी पार्किंगमध्ये नीट लाव, जेवण झालं की डिस्क बघू."

"अगं मावशी, ब्रेक एक नंबर आहे. सर्व्हिसिंग झालंय परवाच. हे बघ, जॉब कार्ड."

जॉब कार्डावर 'ब्रेक' असं छापलेलं, त्याच्यापुढे 'ओके' आणि पेनाची एक टिकमार्क. टायरमधल्या हवेचा आकडा होता, बॅटरीच्या व्होल्टेजचा आकडा होता. ब्रेकचा आकडा नव्हता. ते सेंटर कुठलं हे महत्त्वाचं नाही, मी बघितलेली बहुतेक कार्डं अशीच असतात. पण क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाला मापाच्या जागी टिकमार्क दिसली की ती टोचते. ओके म्हणजे किती?

बहुतेक डिस्कवर तिची मर्यादा खोदूनच दिलेली असते. चाकाच्या मध्याकडे, बोल्टांच्या आसपास किंवा प्लेटच्या आऱ्यांवर बारीक अक्षरात 'मिन. टीएच.' आणि पुढे एक आकडा. मिनिमम थिकनेस. आपल्याकडच्या बऱ्याचशा दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांची पुढची प्लेट नवी असताना चारेक मिलिमीटर जाड असते आणि मर्यादा साडेतीनच्या आसपास असते. गाडीगणिक हे बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही. आपल्या प्लेटवरचा वाचायचा, नाहीतर सर्व्हिस मॅन्युअलमधला. तो खोदलेला आकडा चिखलाने भरलेला असतो. भाच्याच्या गाडीचा मी जुन्या टूथब्रशने साफ केला तेव्हा ३.५ दिसला. गाडीचा मालक असून त्याने तो पहिल्यांदाच बघितला.

आता विचार करा, चार आणि साडेतीन. सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा आहे. दोन्ही बाजू मिळून अर्धा, म्हणजे एका बाजूने पाव. हे डोळ्याला दिसण्याची शक्यताच नाही. प्लेट चकचकीत असते, उलट झिजलेली प्लेट जास्तच चकचकीत दिसते, आणि बघणारा खूश होतो.

डोळ्यापेक्षा नख बरं. प्लेटच्या बाहेरच्या कडेला एक बारीक पट्टी असते, तिथपर्यंत पॅड पोहोचत नाही. ती कधीच झिजत नाही. पॅड घासतो तो भाग झिजून खाली जातो आणि कडेला उंचवटा उरतो. आतून बाहेर नख ओढलं आणि ते कडेला अडकलं की समजायचं, आता मोजायची वेळ झाली. भाच्याला मी नख फिरवायला लावलं. ते अडकलं. चेहरा जरा बदलला त्याचा, पण म्हणाला, "थोडंच आहे."

मी घरातला व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांचं माप, आणि मायक्रोमीटर दोन्ही घेऊन खाली आले. दोन्ही मुद्दाम. आधी व्हर्नियर त्याच्याच हातात दिला. त्याने कुणीही धरेल तसा धरला, प्लेट जबड्यात पकडली आणि वाचलं, ३.९५. "बघ मावशी! नवीच आहे जवळजवळ."

व्हर्नियर खोटं बोलत नव्हता. त्याचे जबडे सपाट आणि लांब असतात, ते दोन्ही बाजूंच्या न झिजलेल्या कडांवर टेकतात आणि मधली खोलगट जागा त्यांच्या खाली मोकळीच राहते. मोजली जाते ती कड. पॅड जिथे घासतात त्या पट्ट्याची जाडी यात येतच नाही. ही चूक इतकी सहज होते आणि तिचा निकाल इतका छान दिसतो, की मला ती न मोजण्यापेक्षाही वाईट वाटते. न मोजणाऱ्याला निदान शंका तरी असते.

मायक्रोमीटरची गोष्ट वेगळी. त्याच्या कमानीत कड मोकळी राहते आणि दोन टोकं थेट घासपट्ट्यावर जाऊन टेकतात. शून्य ते पंचवीसचा साधा मायक्रोमीटर पुरतो. त्याच्या आतल्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि फिरत्या नळीवर पन्नास खुणा असतात, म्हणून एक खूण म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एक शतांश. आधी टोकं पुसून एकमेकांना टेकवायची आणि शून्य बघायचं. शून्य शून्यावर नसेल तर पुढचं सगळं वाया. मग मागच्या रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक जोर झाला की घसरणाऱ्या टोकानेच, फिरवायचं, नळी पिळायची नाही. तीन वेळा कट-कट-कट वाजलं की थांबायचं. मनगटाच्या जोराने आकडा दोन-तीन खुणांनी सहज बदलतो. रॅचेट आहे म्हणून माझं माप आणि तुमचं माप एक येतं.

गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक मोकळं फिरेल असं इंजिनखाली लाकडाचा ठोकळा दिला. प्लेट कापडाने कोरडी पुसली. टायरच्या वाल्वपाशी खडूची खूण करून तिथून सुरुवात केली. प्लेटवर भोकं असतात, टोक त्यांच्यावर अर्धवट येता कामा नये, म्हणून दर वेळी भोकांमधली सपाट जागा शोधावी लागते. प्लेटवर खोल चरे असतील तर मायक्रोमीटरचं सपाट टोक चऱ्यांच्या माथ्यावर टेकतं आणि जाडी थोडी जास्तच दाखवतं, हेही ध्यानात ठेवायचं. कुणी विचारेल, प्लेट गरम असताना मोजली तर? चार मिलिमीटरचं पोलाद शंभर अंश तापलं तरी जाडीत अर्धा शतांशही फुगत नाही. मापाला फरक पडत नाही, बोटाला पडतो. तेव्हा गार होऊ द्या.

चाक थोडं थोडं फिरवत आठ ठिकाणी मोजलं, भाचा वहीत लिहीत होता. ३.५३, ३.५२, ३.५२, ३.५०, ३.४८, ३.४७, ३.४९, ३.५१.

इथे लोक सरासरी काढतात. काढायची नाही. सगळ्यात कमी आकडा हीच प्लेटची जाडी. ३.४७ म्हणजे मर्यादेच्या खाली. आणि शिवाय एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सहा शतांशांचा फरक. "हळू ब्रेक लावतोस तेव्हा लिव्हर बोटाखाली धडधडतो का रे?" विचारलं तर म्हणाला, "हो, पण ते एबीएस आहे ना." एबीएस म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिची धडधड चाक घसरायच्या बेतात आलं की होते, कचकन दाबल्यावर किंवा वाळूवर. सिग्नलला सावकाश थांबताना चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारी धडधड एबीएसची नसते, ती प्लेटची असते. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते फार चांगलं झालं, पण तेव्हापासून लिव्हरची कुठलीही थरथर त्याच्या नावावर जमा व्हायला लागली आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर बघून होतात. प्लेट वाकली आहे का हे डायल, म्हणजे काट्याचं माप, लावून चाक फिरवलं की कळतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.३० मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा असते. भोकांच्या कडेने केसासारखी चीर दिसली तर पुढचं काही मोजायचंच नाही, प्लेट गेली. निळी-जांभळी झाक म्हणजे कधीतरी भयंकर तापून निघाली आहे.

पण थांबून बघण्यासारखी एक जागा आहे, कॅलिपरचा आतला पॅड. बाहेरचा पॅड वाकून दिसतो, आतला चाकाच्या आड असतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पावसाळ्यात चिखलाने आणि गंजाने आखडतात. मग एका बाजूचा पॅड एकटाच काम करत राहतो आणि दुसरा जाडजूड दिसतो. भाच्याच्या गाडीचा बाहेरचा पॅड तीन मिलिमीटर होता. आतला मोबाइलच्या टॉर्चने दाखवला तेव्हा मागची पत्र्याची पाठ जवळजवळ प्लेटला भिडत आलेली. तिथून पुढे लोखंडावर लोखंड, आणि मग प्लेट महिन्यांत नाही, दिवसांत जाते. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावणं हे दहा मिनिटांचं काम आहे. प्लेट वाचवायची असेल तर पावसाळा संपला की ते करून घ्याच.

"पण ३.४७ आणि ३.५ मध्ये असा काय फरक आहे? तीन शतांश!" भाच्याचा हा प्रश्न मला आवडला, कारण तो इंजिनिअरिंगला आहे आणि त्याने तो विचारायलाच हवा होता. तीन शतांशांनी प्लेट आज तुटणार नाही. मर्यादा ठरवणाऱ्याने थोडी जागा ठेवलेलीच असते. पण ती जागा कशासाठी ठेवली आहे ते समजून घ्यायला हवं.

ब्रेकचं काम म्हणजे गतीची उष्णता करणं, दुसरं काही नाही. गाडी, चालवणारा आणि मागे बसलेला मिळून ३०० किलो धरा. ताशी ६० किलोमीटरला त्यांच्यात साधारण ४२,००० ज्यूल ऊर्जा असते. एकदा पूर्ण थांबलो की त्यातली बहुतेक प्लेट आणि पॅडमध्ये उतरते. तेवढ्या उष्णतेत एक कप चहाचं पाणी उकळीला येतं. किलोभर वजनाच्या प्लेटमध्ये ती सगळी गेली तर एकाच थांब्यात ती ऐंशी-पंच्याऐंशी अंशांनी तापते. आता हे सिंहगडाला लावून बघा. गाडीतळापासून पायथ्यापर्यंत पाचशे मीटरचा उतार धरला तर तेच ३०० किलो खाली आणताना जवळपास १४ लाख ७० हजार ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात, म्हणजे साठच्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याइतके, आणि मध्ये गार व्हायला फारशी उसंत नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. पेट्रोल वाचवायला कुणी न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सगळा वाटा प्लेटवर येतो. रविवारी दुपारी गडाखालच्या वळणांवर पॅड जळाल्याचा जो वास येतो, तो याचाच.

चाराची प्लेट साडेतीनवर आली म्हणजे घासपट्ट्यातलं एक अष्टमांश पोलाद गेलं. उष्णता तेवढीच, ती सामावून घेणारं लोखंड कमी. तापमान जास्त चढतं, ते पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला पोहोचतं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा प्यायलेल्या डॉट ४ चा मानकातला किमान उत्कलनबिंदू १५५ अंश आहे. दोन-तीन पुणेरी पावसाळे खाल्लेलं, कधीच न बदललेलं ऑइल कुठल्या बाजूला असेल ते सांगायला नको. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. लिव्हर मुठीपर्यंत जातो आणि गाडी चालतच राहते. हे सपाट रस्त्यावर सहसा होत नाही. ते बहुतेक घाटातच होतं, भर उतारावर.

त्यात पातळ प्लेट आणि संपलेले पॅड एकत्र आले की पिस्टन नेहमीपेक्षा खूप बाहेर आलेला असतो. त्याचा सीलमधला आधार कमी होतो, तो तिरका व्हायला बघतो, धूळ-चिखल सीलपर्यंत पोहोचतो. म्हणून तो ३.५ आकडा एकट्या प्लेटचा नसतो. कॅलिपर, पिस्टन, पॅड, ऑइल या सगळ्यांनी मिळून जिथपर्यंत हमी दिली आहे ती ती रेघ आहे. रेघेपलीकडे काय होईल हे कारखान्यातल्या कुणीही तुम्हाला लिहून दिलेलं नाही. आमच्या खात्यात पाच मायक्रॉनने, म्हणजे अर्ध्या शतांशाने, मापाबाहेर गेलेला पार्ट मी रिजेक्ट करते तेव्हा तो वापरता आला नसता असं मी म्हणत नाही. तो वापरला तर काय होईल याची जबाबदारी कुणी घेतलेली नाही, एवढंच म्हणते.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आपल्या सगळ्यांच्या माहितीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तिथे बऱ्याच गाड्यांना धडक दिली होती. ट्रकचे ब्रेक आणि दुचाकीचे ब्रेक वेगळे, पण उताराचं गणित तेच. मी रोज त्या बाजूला जात नाही, तरी जेव्हा जाते तेव्हा त्या उतारावर न्यूट्रलमध्ये भन्नाट सुटलेली पोरं बघून पोटात गोळा येतो.

डिस्कला झिजेचं दुखणं जन्मापासूनचं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा घासायला तांबं वापरलं होतं, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजायचं. १९६९ च्या होंडा सीबी ७५० नंतर मोटरसायकलींवर ती रुळली. आपल्याकडे २००१ साली पल्सर आली तीही आकुर्डीच्या बजाजची, आणि पुढच्या काही वर्षांत कॉलेजच्या पार्किंगमधल्या रांगाच्या रांगा पुढे चकचकीत प्लेटच्या झाल्या. आज ब्रेम्बोसारखी कंपनी चाकणला ब्रेक बनवते, वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय आहे जिथे गाड्या तपासून प्रमाणित होतात. बनवताना आणि प्रमाणित करताना या गावात ब्रेक शतांशात मोजला जातो. गाडी शोरूमच्या बाहेर पडली की मोजणं बंद. मला खरंच याचं वाईट वाटतं, कारण मोजणारी माणसं आणि मोजायची साधनं जितकी आपल्या या पट्ट्यात आहेत तितकी फार थोड्या शहरांत असतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत गेलो. पहिल्या दुकानात सल्ला मिळाला, "नवी कशाला घेताय ताई, लेथवर फेस मारून घ्या, सरळ होईल." सरळ होईल, हे खरं. पण फेस मारणं म्हणजे अजून पोलाद काढणं, आणि इथे काढायला काही शिल्लकच नव्हतं. चार मिलिमीटरच्या प्लेटला लेथ दाखवायचाच नसतो. दुसऱ्या दुकानात निम्म्या किमतीची प्लेट पुढे आली. भोकं तशीच, बोल्टांची जागा तशीच, वर कुठेही मिन. टीएच. नाही आणि बनवणाऱ्याचं नावही नाही. डिस्कचं पोलाद साधं नसतं. ते गंजू नये म्हणून क्रोमियमचं स्टेनलेस, आणि झिजू नये म्हणून उष्णता देऊन कडक केलेलं असतं. कडकपणा दिसत नाही, तो मशीनवर तपासावा लागतो. ज्याने मर्यादा खोदायची तसदी घेतली नाही त्याने हे तपासलं असेल यावर मी विश्वास कसा ठेवू? कंपनीची प्लेट घेतली, बरोबर नवे पॅड घेतले. नव्या प्लेटवर जुने पॅड घालायचे नाहीत. जुन्या पॅडवर जुन्या प्लेटचे चरे उमटलेले असतात आणि ते नवीवर नीट बसत नाहीत.

पोरांनी ताम्हिणी एक आठवडा पुढे ढकललं. त्यातल्या दोघांनी आपापल्या गाड्याही मोजून घेतल्या. एकाची ३.८ च्या वर निघाली, दुसऱ्याची ३.६१, त्याला सांगितलं, दिवाळीच्या आत परत मोज.

प्लेट बसवायला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमध्ये गेलो. चालवणारा पोरगा तिशीचा, हात स्वच्छ आहे त्याचा. नव्या प्लेटवरचं तेल त्याने ब्रेक क्लीनरने पुसून काढलं, एबीएसची रिंग न हलवता सांभाळून बाजूला ठेवली, बोल्टांना थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, लावून समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, बोलायची गरजच पडली नाही. ऑइल पूर्ण बदलून एअर काढली. मग भाच्याला त्याने सांगितलं, "दोनशे किलोमीटर कचकन दाबायचा नाही. मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून दहापर्यंत हळूहळू आणायची, सोडायची, गार होऊ द्यायची. असं पाषाणला जाऊन करून ये." अगदी बरोबर सांगितलं. पॅड आणि प्लेट एकमेकांना पूर्ण पृष्ठभागावर बसेपर्यंत ब्रेक पूर्ण ताकदीने लागत नाही, आणि त्या काळात जोरात तापवली तर प्लेटवर पॅडच्या मालाचे डाग बसतात आणि तीच धडधड परत सुरू होते.

निघताना मी नवी प्लेट मोजून बिलाच्या मागे आकडा आणि गाडीचं रनिंग लिहिलं. ३.९९. तो बघत होता. म्हणाला, "ताई, हे आम्ही कधी लिहीत नाही." मी म्हटलं, तुझ्या जॉब कार्डावर डिस्कच्या पुढे एक रकाना छाप, किमान आणि आजची, दोनच आकडे. गिऱ्हाईक तुझ्याकडे परत येईल, कारण त्याला पुढचा आकडा हवा असेल. त्याला ते पटलं. अडचण एवढीच, की त्याच्याकडे मायक्रोमीटर नाही आणि वाचताही येत नाही.

वाचायला तासाभरात येतं. या गुरुवारी दुपारी तीनला मी त्याच्याकडे जाणार आहे, काढून टाकलेल्या दोन-तीन प्लेटा त्याने बाजूला ठेवल्या आहेत. त्याचा हेल्परही बसणार म्हणतोय. डिजिटल घेऊ का म्हणून विचारत होता. मी सांगितलं, साधा शून्य ते पंचवीसचा घे, चांगल्या कंपनीचा घे, आणि मी आल्याशिवाय त्याचा शून्य हलवू नकोस.